उंदीर पडलेलं घर

पन्नासच्या दशकात मी प्लेगवर संशोधन करत होतो. साथी ओसरल्या होत्या, पण रोगाचा जंतू रानउंदरांत आणि त्यांच्या पिसवांत अजून तग धरून आहे का, हे आम्हाला शोधायचं होतं. चाकणच्या आसपासच्या माळांवर मी पिंजरे लावायचो. सापडलेल्या उंदरांच्या अंगावरच्या पिसवा पांढऱ्या थाळीत विंचरून काढायच्या आणि प्रयोगशाळेत न्यायच्या, हे माझं काम. दापोडीला रेल्वेलाइनजवळ आम्ही नवरा-बायको भाड्याच्या खोलीत राहत होतो. लग्न नुकतंच झालेलं.

माझे पिंजरे चाकणजवळच्या एका शेतकऱ्याच्या पडवीत ठेवलेले असत. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, घर सारवून झालं होतं, आणि एका सकाळी आढ्यावरून उंदीर मरून पडले. तासाभरात आळी रिकामी झाली. प्लेग आला की वाडवडील करायचे तसंच लोकांनी शेतात खोपटी बांधली. तळवड्याच्या व्याह्यांचा निरोप आला, की लग्न लांबवू.

मी ते उंदीर तपासायला घेतले. पोट उघडल्याबरोबर लसणासारखा वास आला. तो उंदरांच्या विषाचा. चौकशी केली तेव्हा शेजारच्याने धान्याच्या कोठीपाशी विषाच्या गोळ्या ठेवल्याचं कबूल केलं. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले नाहीत. तरी खात्रीसाठी त्या उंदरांच्या प्लीहेचा रस प्रयोगशाळेतल्या गिनीपिगांना टोचून पाहिला. तेही दिवसामागून दिवस मजेत गवत खात राहिले. मग मी शेतात जाऊन सगळ्यांना सांगितलं, की हा प्लेग नाही, घरी चला.

कोणी हललं नाही. सगळे शेतकऱ्याच्या आत्याकडे बघत होते. लहानपणी प्लेगात तिची आई आणि दोन्ही भाऊ गेले होते. तिने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, तुमी खोटं बोलता आसं मी म्हनत न्हाई," ती म्हणाली. "पन तुमच्या बायकोला घिऊन त्या घरात ऱ्हाल का? तुमी ऱ्हायलात तर आमी येऊ."

एकट्याने राहायला मी तिथल्या तिथे होकार दिला असता. पण बायकोचं नाव निघालं होतं. विचारून सांगतो म्हणालो आणि एसटीने परतलो. वाटेत सगळ्या तपासण्या मनात पुन्हा करून पाहिल्या. एकही चुकलेली नव्हती, तरी बेचैन होतो.

बायको भाकऱ्या थापत होती. तिला घडलेलं सांगितलं. आत्याचं बोलणं सांगताना माझा आवाज जरा खालीच आला.

"प्लेग नाही, याची तुम्हाला खात्री आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"मग त्या मुलीचं लग्न कशाला अडवायचं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही वळकटी आणि स्टोव्ह घेऊन त्या घरात राहायला गेलो. बायकोने घर झाडलं, दारात सडा घातला, चूल पेटवली. पिसवांसाठी मी कोपऱ्याकोपऱ्यांत डीडीटी मारली होती, त्या वासाची तिला फार शिसारी. लोक दुरून बघून जात. आत्या मात्र रोज बांधापर्यंत यायची आणि तिथूनच बायकोला विचारायची, ताप न्हाई ना, काखेत गाठ न्हाई ना. बायको हसून नाही म्हणायची. मग एका दुपारी आत्या सरळ आत आली, चुलीपुढे बसली आणि पीठ मळायला घेतलं. संध्याकाळपर्यंत सगळं घर परत आलं.

लग्न झालं. तळवड्याची मंडळी बैलगाड्यांतून आली. मुलीकडच्या बायकांनी माझ्या बायकोला पाटावर बसवून तिची ओटी भरली. मी पंगतीत भरपूर जेवलो.

त्या माळांवर मी पुढेही काम केलं. जंतू कधी मिळाला नाही. सहकाऱ्यांना ते निराशेचं वाटे, मला नाही. आम्हाला मुलगी झाली तेव्हा आत्या डिंकाचे लाडू घेऊन दापोडीला आली आणि बाळाला न्हाऊ घालायला महिनाभर राहिली. रेल्वेच्या आवाजाने झोप लागत नाही अशी तिची रोजची तक्रार होती, आणि दुपारी ती घोरत असे.