शिरेपलीकडची शाळा

दोह्यात अबू हमूरला एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत अश्फाक परकार राहायचा. गाव दाभोळ, धंदा पंप मेकॅनिक. वर्ल्डकपसाठी सगळं शहर खणून काढलेलं, आणि इथे दोन पुरुष खोल गेलं की खारं पाणी लागायचं. ते उपसणारे पंप चालू ठेवणं हे त्याचं काम. पण पाणी म्हटलं की त्याच्या मनात एकच नदी यायची, मलावीतली शिरे.

कतारला येण्याआधी तीन वर्षं तो तिथे एका ऊसमळ्याच्या पंपहाऊसवर होता. नदीच्या या काठाला मजुरांची वस्ती, शाळा पलीकडे, आणि पूल अकरा किलोमीटर वर. पोरं ओंडका कोरून केलेल्या होडीतून जायची. एकदा मगरीने ती उलटवली. पोरं वाचली, पण आयांनी त्यांना घरीच बसवलं. अश्फाकचा बाप दाभोळच्या खाडीत तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचा. अश्फाकला हे बघवेना. त्याने मॅनेजरकडे शब्द टाकून, पंपहाऊसमागे गंजत पडलेली पत्र्याची होडी मागून घेतली, तिला ठिगळं लावली आणि ड्युटीआधी दोन, दुपारी दोन अशा खेपा सुरू केल्या. कुणी सांगितलं नव्हतं. एकोणीस पोरं. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, एस्नात नावाची बारा वर्षांची मुलगी बसायची. मगर दिसली की ओरडायची नाही, नुसता हात वर करायची. निघायच्या वर्षी त्याने वल्हं तिच्या हातात दिलं.

पुढे बायको सलमा आणि मुलगी माहिरा दोह्याला त्याच्याकडे राहायला आल्या. माहिराची शाळेची बस दारात यायची. ती चढताना अश्फाक उगाच हात धरायला पुढे व्हायचा, आणि ती म्हणायची, "अब्बा, आय कॅन डू इट."

शिरेचा विषय निघाला की सलमा उठून कामाला लागायची. एकदाच बोलली.

"माहिरानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा तुम्ही दुसऱ्यांची पोरं नदीपार करत होतात. त्याचा मला राग नाही. पण तुम्ही अजून तिथंच आहात."



दोन हजार बावीसच्या सुरुवातीला तिथल्या हेडबाई, मिसेस कालुवा, यांचा मेसेज आला. पुरात होडी वाहून गेली होती, पोरं पुन्हा घरी बसली होती. एस्नात आता त्याच शाळेत लहानांना शिकवायची आणि होडीही तीच चालवायची. तिने विचारलं होतं, मिस्टर परकार येतील का?

दुसऱ्या दिवशी तो फोरमनसमोर उभा राहिला. फोरमन माणूस चांगला होता. हिंदीत म्हणाला, "वर्ल्डकप होईपर्यंत कुणालाच सुट्टी नाही, भाई. खलास."

त्या शुक्रवारी नमाजाहून आल्यावर अश्फाकने फरशीवर चार्टपेपर पसरला आणि फळ्यांची होडी काढायला घेतली. तो मापं सांगायचा, माहिरा इंग्रजीत लिहायची. सलमा दारातून बघत होती. मग येऊन तिने कागदाचा कोपरा दाबून धरला.

"बसायची फळी खाली घ्या," ती म्हणाली. "लहान पोरांचे पाय लोंबकळतील."

त्याने फळी खाली घेतली.

तो कागद तिथल्या सुताराला पाठवून फोनवर समजावण्यात पुढचे सगळे शुक्रवार गेले. एप्रिलमध्ये फोटो आला. नवी होडी, तीत पोरं दाटीवाटीनं बसलेली, वल्ह्यावर एस्नात. अश्फाकने फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच फोन लावला.

"डावीकडे झुकतेय. उजव्या अंगाला दगड ठेव."

एस्नात हसली. "ठाऊक आहे. मोठी मुलं उजवीकडे बसवते. तुम्ही काळजी करू नका."

मागे पोरांचा कलकलाट चालला होता. मग खेपेची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला. अश्फाकने फोटो पुन्हा उघडला.

"वर्ल्डकप झाला की जाऊन या," सलमा म्हणाली.

"आता तिथं माझं काय काम?"

"काम नसलं तरी जा."

सामने संपले तशी साइटही बंद झाली. अल दुहैलला व्हिलांच्या एका कंपाउंडवर नोकरी मिळाली, पण नव्या कंपनीत सुट्टी दोन वर्षांनी. पहिल्या दिवशी एचआरच्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला. सुट्टीत कुठे जाणार, असा एक रकाना होता. अश्फाकने दाभोळ लिहिलं, स्वल्पविराम दिला, आणि पेन तसंच धरून बसला.