बोट उचलू नका, वन्सं

माझ्या भाचेसुनेला आमच्या घरात नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे तिला बटणराणी म्हणतात. हे नाव ठेवलं तिच्या नणंदेनं, म्हणजे माझ्या भाचीनं, आणि ते काही कौतुकानं नव्हे. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा भाचीनं विचारलं होतं, "नोकरी करतेस म्हणजे नक्की करतेस काय?"

मुलगी म्हणाली, "कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरची बटणं करते."

भाचीला अर्थ पुरता कळला होता. असली बटणं दाबूनच तर तिचं पोट भरत होतं. पण समोर लग्नाची मुलगी बसलेली असताना सरळ बोलेल तर ती माझ्या बहिणीची लेक कसली! "बरं झालं," ती म्हणाली. "माझ्या ब्लाउजची दोन तुटलीत."

मुलीनं कप खाली ठेवला. "तुटलेली मी लावत नाही. तुटणार नाहीत अशी करते."

मी बहिणीच्या कानात कुजबुजलो, ही मुलगी सोडू नकोस, घरात करमणुकीची कायमची सोय होईल.

सोय झाली, आणि घरापुरती राहिली नाही. कारण आमच्या गावातला कापड रंगवायचा कारखाना एकच, आणि लग्नानंतर तीही तिथेच लागली. भाची पॅनेलरूममध्ये स्क्रीनसमोर बसून टाक्या भरते आणि रिकाम्या करते. भाचा, तिचा धाकटा भाऊ, टाक्यांची साफसफाई आणि डागडुजी बघतो. आणि सूनबाई पॅनेलरूमच्या मागच्या काचेच्या खोलीत बसून तो प्रोग्राम लिहिते, ज्याच्या स्क्रीनवर नणंदेचं बोट दिवसभर नाचतं. मी त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये जन्म काढला. निवृत्त झालो तरी सकाळच्या चहाला तिथेच जातो. घरच्या चहात साखर असते, बातमी नसते.

आता सूनबाईच्या बटणांविषयी सांगतो, कारण त्यांच्यावरून घरात जेवढी भांडणं झाली तेवढी सोन्यावरून झाली नाहीत. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना बटणं आयती मिळतात म्हणे, दुकानात तयार कपडे मिळतात तशी. करड्या रंगाची, चौकोनी, तोंडावर काही भाव नसलेली. पण हिला आयतं काही चालत नाही. हिनं स्वतःच्या हातानं गोल बटणं काढली. वरून उजेड पडल्यासारखी चमक, खाली बारीक सावली, म्हणजे बटण फुगून वर आल्यासारखं वाटावं. बोट टेकवलं की सावली नाहीशी होते आणि बटण आत रुतल्यासारखं दिसतं. जे बटण त्या वेळी दाबायची परवानगी नसते ते राखाडी पडतं, कितीही दाबा, ढिम्म हलत नाही. मालक पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायचे. भाची तोंड फिरवून म्हणायची, "लिपस्टिक लावलीय बटणांना."

आणखी एक खोड होती सूनबाईची. "माहीत नाही" हे दोन शब्द तिच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते. बटणाचं विचारा, पावसाचं विचारा, शेजारणीच्या जावयाचं विचारा, उत्तर तयार. शेजारणीच्या जावयाचं उत्तर माझ्याकडेही असतं, पण मी निदान विचार केल्याचं सोंग तरी करतो.

कारखान्यात एक शिस्त होती. सफाईला टाकीत उतरणाऱ्यानं आधी पॅनेलरूममध्ये येऊन स्क्रीनवरचं 'माणूस आत' हे बटण दाबायचं. ते दाबलं की त्या टाकीचं 'भरा' बटण राखाडी पडायचं. ही कल्पना सूनबाईचीच, आणि कल्पना सोन्यासारखी. पण फिटर लोकांच्या जिभेला हाड नाही. भाचा ते बटण दाबायला आला की कुणीतरी खाकरायचा, "विचारलं का बायकोला? मिळाली का परवानगी?" दुसरा म्हणायचा, "टाकीत उतरायला मिळाली, बाहेर यायची संध्याकाळी मिळेल!" भाचा हसायचा. पण हसणाऱ्या पुरुषाचे कान लाल झाले की समजावं, हे प्रकरण कुठेतरी लागतंय.

त्या दिवशी तो बटण न दाबताच मोठ्या टाकीत उतरला.

मी पॅनेलरूममध्ये खुर्चीवर पाय घेऊन बसलो होतो. भाची कामात. मोठी टाकी भरायची वेळ झाली होती. त्या टाकीत वरच्या हौदातलं उकळतं पाणी येतं, हात घातला तर सालपट निघेल असं. भाचीनं स्क्रीनकडे पाहिलं. 'भरा' बटण हिरवंगार, फुगलेलं, म्हणजे आत कुणी नाही. तिनं बोट टेकवलं. बटण आत रुतलं. आणि सवयीनं तिनं समोरच्या काचेतून टाकीकडे नजर टाकली.

टाकीच्या शिडीपाशी तिच्या भावाच्या चपला होत्या. शेजारून दोर आत गेला होता, आणि दोर हलत होता.

मी तिच्याकडे पाहत होतो म्हणून सांगतो, माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मामा, धाकटा आत आहे." आणि बोट होतं तिथेच ठेवलं.

या बटणांची एक रीत असते. दाबल्यावर काही होत नाही, बोट उचललं की काम होतं. हे पॅनेलरूममधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि एक बोट टेकलेलं असताना ती स्क्रीन दुसऱ्या बोटाला दाद देत नाही, तेव्हा 'माणूस आत' दाबायचीही सोय नव्हती. म्हणजे उकळतं पाणी आणि माझा भाचा यांच्यामध्ये त्या घडीला फक्त भाचीचं उजव्या हाताचं बोट होतं.

माझ्या हाका ऐकून सूनबाई मागच्या खोलीतून धावत आली, बाहेरून एक फिटर आला. फिटरला दोन शब्दांत कळलं आणि त्यानं भिंतीवरच्या मेन स्विचकडे झेप घेतली.

"हात लावू नका!" सूनबाई किंचाळली. "वीज गेली की पाणी आपोआप सुटतं!"

खरं होतं ते. गरम टाकीत कापड कोरडं पडून जळू नये म्हणून तशी सोय केलेली होती. फिटरचा हात स्विचपासून वीतभर अंतरावर थांबला. एरवी त्याच हातानं तो टाळ्या पिटत माझ्या भाच्याची टिंगल करायचा.

"पळ आणि त्याला बाहेर ओढ," मी म्हणालो. तो पळाला.

भाची स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली, "सरकवू का गं?"

मला काही कळेना. सूनबाईला बरोबर कळलं. आयत्या बटणांत अशी सोय असते की चुकून बोट टेकलं तर ते न उचलता बाजूला सरकवायचं, बटणाच्या बाहेर न्यायचं आणि मग उचलायचं. मग काही होत नाही, दाबलंच नव्हतं असं मानतात. पण ही बटणं आयती नव्हती. हिनं हातानं काढलेली होती.

"तुझ्या बटणात आहे ना ते?" भाचीनं विचारलं. तिच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळून भुवईत अडकला होता. "लवकर सांग. सरकवलं तर चालेल ना?"

सूनबाई आत पळाली, लॅपटॉप उचलून घेऊन आली आणि तिनं तो उभ्याउभ्याच उघडला. बोटं चालत होती, ओठ हलत होते. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं, मला अक्षरांच्या नुसत्या मुंग्या दिसल्या. "आहे," ती पुटपुटली. "इथे आहे. मी घातलंय हे." माझा जीव भांड्यात पडला. मग तिची बोटं थांबली. "पण हे नंतर घातलंय. सकाळी स्क्रीनवर चढवली ती आवृत्ती हीच का, की आधीची..."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या आहेत, मामा. एकीत सोय आहे, एकीत नाही. इथे कुठली आहे ते..." ती पुन्हा वरखाली शोधू लागली.

काचेबाहेर फिटर टाकीच्या तोंडाशी पोचला होता आणि दोर ओढत होता. आत हवेचा पंखा घोंगावत होता, त्याच्या आवाजात हाक जाईना. दोरानं उलटा झटका दिला. म्हणजे आमचे चिरंजीव आतून कळवत होते, थांबा, झालंच आता.

"हात भरून आलाय," भाची म्हणाली. "अगं, एरवी शंभर गोष्टी सांगतेस. आता एक सांग. सरकवू?"

मी सूनबाईच्या तोंडाकडे पाहिलं. ते उघडलं होतं. उत्तर तिथे ओठांवर आलेलं मला दिसलं, शपथेवर सांगतो. हो म्हणाली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. तिला स्वतःलाही ते खरंच वाटत होतं, डोळ्यांत दिसत होतं. आणि नणंदेसमोर, लग्नानंतर पहिल्यांदाच नणंद काही विचारतेय अशा वेळी, मान खाली घालणं म्हणजे काय ते सासुरवाशिणींना विचारा.

"वन्सं, मला माहीत नाही," ती म्हणाली.

भाचीनं पहिल्यांदा स्क्रीनवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. "नक्की माहीत नाही?"

"नक्की माहीत नाही. बोट उचलू नका. सरकवूही नका."

"मग धर माझं कोपर."

सूनबाईनं लॅपटॉप जमिनीवर टाकला, ठेवला नव्हे, टाकला, आणि दोन्ही तळवे नणंदेच्या कोपराखाली लावले. एवढ्या वर्षांत या दोघींना मी एकमेकींच्या इतकं जवळ कधी पाहिलं नव्हतं. हळदीकुंकवाच्या फोटोतसुद्धा मध्ये एक शेजारीण असते.

"मामा, बघा, आला का बाहेर?"

"दोर ताणलाय," मी काचेला नाक लावून म्हणालो. "फिटर वाकलाय. हात दिसला. डोकं... आलं, डोकं आलं!"

"अख्खा आला का?"

"छातीपर्यंत. काहीतरी बोलतोय फिटरशी." मी काचेवर थाप मारली. "अरे! परत चालला!"

"कुठे?"

"खाली. ब्रश राहिला वाटतं."

"मेल्या!" भाची ओरडली आणि तिचं सगळं अंग हललं, एक बोट सोडून. घामानं ते स्क्रीनच्या काचेवर घसरू लागलं होतं. सूनबाई तिच्या कानाशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, "दाबून धरा, वन्सं. दाबून धरा." बाहेर फिटरनं टाकीच्या तोंडात कमरेपर्यंत अंग घातलं, भाच्याच्या शर्टाची कॉलर धरली आणि बुडणाऱ्याला काढावं तसा त्याला खसकन वर ओढला. दोघेही मागच्या जाळीवर कोसळले. कॉलर फाटून फिटरच्या हातात राहिली.

"आला," मी म्हणालो. "अख्खा आला. पायांसकट."

भाचीनं डोळे मिटले. आता बोट उचलायला हरकत नव्हती, पण सूनबाई म्हणाली, "थांबा. आता सरकवा. उचलू नका, सरकवून बाहेर न्या, मग सोडा. मला बघायचंय."

भाचीनं बोट सरकवलं. हिरव्या गोलाच्या बाहेर, कोऱ्या जागेवर आणलं आणि उचललं.

क्षणभर काहीच झालं नाही. सूनबाईनं श्वास सोडला. आणि मग वरच्या पाइपात खडखड झाली, आणि उकळत्या पाण्याचा लोट धडाड करत रिकाम्या टाकीत कोसळला. वाफ टाकीच्या तोंडातून उसळून छतापर्यंत गेली. समोरची काच पांढरी झाली. भाचा, फिटर, चपला, काही दिसेना.

सूनबाई जिथे उभी होती तिथेच खाली बसली.

थोड्या वेळानं भाचा आत आला, फाटक्या कॉलरनिशी, हातात ब्रश. "जेवायला बोलवायची ही कुठली पद्धत?" असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि बहिणीच्या डाव्या हाताची एक त्याच्या कानाखाली बसली. उजवा हात वर उचलवतच नव्हता. मग त्याला सांगितलं, तो आत असतानाच ते बटण दाबलं गेलं होतं. त्यानं ऐकलं, आणि ब्रश हातातून गळून पडला.

सूनबाईनं त्याच दुपारी सगळी गोल बटणं काढून टाकली. चमक गेली, सावली गेली, सगळीकडे करडे चौकोन आले. मालक येऊन म्हणाले, "हे काय, घरात मयत झाल्यासारखं?" तर म्हणाली, "मी केलंय," आणि स्क्रीनकडे वळली. 'माणूस आत' बटणावरून आता कुणी खाकरत नाही. फिटर स्वतः आधी तेच दाबतो, मग दुसऱ्यांना दाबायला लावतो.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, वाफ ओसरत होती तेव्हाचं. भाचीचं बोट वाकडंच राहिलं होतं, सरळ होईना. ती खुर्ची ओढून सूनबाईच्या शेजारी आली आणि तो हात तिच्या मांडीवर ठेवला. सूनबाई ते बोट हळूहळू चोळायला लागली.

"सरकव म्हणाली असतीस," भाची म्हणाली, "तर मी सरकवलं असतं."

"माहीत आहे, वन्सं."

"तुझ्यावर फार भरवसा आहे म्हणून नव्हे हं. हात दुखत होता म्हणून."

"हो, वन्सं," सूनबाई म्हणाली आणि चोळत राहिली.