सरांची उजळणी

सरांनी हयातभर वर्गात एकच रूपककादंबरी शिकवली. तिच्यात दिवा म्हणजे आशा, कुंपण म्हणजे भीती, नदी म्हणजे मरण. म्हातारपणी स्मृती गेली तेव्हा वस्तूंची नावं पुसली गेली, अर्थ तेवढे उरले. अंधारलं की ते म्हणत, "आशा लाव गं." बायको हसून दिवा लावायची. पण आपण तरी यांच्या लक्षात आहोत का, ही धास्ती तिला आतून पोखरत होती. एकदा भात भरवताना तिने विचारलंच, "अहो, आणि मी कोण?"

सरांनी तिला निरखून पाहिलं. मग वर्गातल्याच आवाजात म्हणाले, "गौण पात्र आहे ते. सोडून द्या, परीक्षेला येत नाही."

"बरं, सर," ती म्हणाली. "आता आ करा."