पाणी भरपूर प्या

लघवीत लाल दिसलं तेव्हा मी घाबरले नाही. दुखत नव्हतं. जुनाच आजार परत आला असेल, असं सुनेला म्हटलं आणि तिच्यासोबत आमच्या लामता गावाहून बालाघाट, बालाघाटहून नागपूर गाठलं.

जुना आजार म्हणजे रक्तनळ्यांचा. सात-आठ वर्षांपूर्वी पायांवर जांभळे डाग उठले, नाकातून रक्त वाहू लागलं, किडन्या बसत चालल्या. शरीर स्वतःच्याच रक्तनळ्यांवर उलटतं आणि त्या सुजतात, असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं. जालीम गोळ्या दिल्या. मी वाचले. माझ्या तेरवीची तयारी मनात करून बसलेल्या नातेवाइकांना रिकाम्या हातानं परत जावं लागलं.

या वेळी डॉक्टरांनी नळी घालून मूत्राशयाच्या आत पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला. मग आम्हा दोघींना समोर बसवून म्हणाले, "आजी, मूत्राशयात गाठ आहे. कॅन्सरची."

"कोनाच्या?"

"तुमच्या."

"माह्या कशी असंन? मले तं रक्तनळ्यांचा आजार हाये. कागद बदलला असंन, साहेब."

कागद बदलला नव्हता. सून रडायला लागली.

"तो आजार झालेल्यांना कॅन्सरचा धोका थोडा जास्तच असतो," डॉक्टर म्हणाले. "आणि मूत्राशयाचा म्हणाल, तर संशय त्या गोळ्यांवर. त्यांचा उरलेला अंश लघवीत उतरतो आणि आतलं अस्तर जाळतो."

त्या गोळ्या मी मिठाच्या बरणीशेजारी ठेवत होते, एकही चुकू नये म्हणून.

"वाचवाले देल्या का माराले?"

"नसत्या दिल्या तर त्याच वर्षी गेल्या असता."

"मंग पुढं असं होते, हे तवा काहून नाही सांगतलं?"

"सांगितलं असेल, आजी. पाणी भरपूर प्या, हे तर नक्की सांगितलं असणार. ते त्यासाठीच. औषध आत साचून राहू नये म्हणून."

पाणी भरपूर प्या! हे तर डॉक्टर सर्दीलाही सांगतात. निघणाऱ्याला आपण सांभाळून जा म्हणतो, तसंच हे बोलणं, असं मला वाटलं होतं.

"प्यायलात ना?"

"घरी पेली. रोवणीत नाही."

आमच्याकडे धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, जाणारी बाई सकाळी चहा पिते आणि संध्याकाळी घरी आल्यावरच तांब्या तोंडाला लावते. गोळ्या सुरू असतानाच बरं वाटू लागलं, तशी मीही गेले होते.

"शेतात पाणी नसतं?"

"पानीच पानी, घुडघ्याएवढं. लघवीले बसाले जागा नसते. चारी बाजूनं उघड्या बांध्या, अन् धुऱ्यावर मानसं."

डॉक्टर म्हणाले, पाणी पिऊनही झालं असतं कदाचित, नक्की कोणी सांगू शकत नाही. मला त्यानं बरंही वाटलं नाही, वाईटही नाही. परतीच्या गाडीत सुनेनं पाण्याची बाटली पुढं केली, तर ती कशाला दिली हेच मला कळेना.

गाठ नळीतूनच खरवडून काढली. वरवरची होती, पण पुन्हा उगवू शकते. म्हणून अधूनमधून आत पाहत राहावं लागतं.

यंदा मी चिखलात उतरले नाही. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चार बांबू रोवून भोवती जुनी लुगडी बांधली. बांधीतल्या चिखलातून धाकटी जाऊ ओरडली, "बाई, लगन कोनाचं व? मांडव टाकला तं!"

"तुह्या मुतन्याचा," मी म्हटलं. साऱ्या हसल्या. "हासा. पन पानी पेऊन हासा."

दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. मग जाऊच आली, मुकाट्यानं आत जाऊन आली आणि तांब्याभर पाणी गटागटा प्यायली.

"नागपूरले आता कधी?"

"दिवाळी झाल्यावर."

"गाठ पुन्हा निंघाली तं?"

"निंघाली तं खरवडतीन," मी म्हटलं आणि तिचा तांब्या पुन्हा भरला.