हळदीच्या सकाळची मॅच

ओल्या हळदीचा वास आला की धाकट्या बहिणीच्या लग्नाची सकाळ आठवते. ती आमच्या पेठेतल्या मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. लग्नानंतर खेळ बंद, असं सासरच्यांनी आधीच बजावलेलं. हळदीला बसायच्या आधी ती घरामागच्या परड्यात मोबाईलवर सामोआच्या बायकांची मॅच बघत होती. हा देश कुठं आहे, ते आम्हा दोघींनाही नीट माहीत नव्हतं. त्यांची गोलकीपर गोलामागून गोल खात होती आणि ही इथं चिडत होती, "पुढं ये की गं, बाई." शेवटी त्या हरल्या. मग एक लहान पोर मैदानात धावत आलं आणि गोलकीपरनं ग्लोव्हज न काढताच त्याला कडेवर घेतलं. "ताई, हिला पोरगं हाय की," बहीण हळूच म्हणाली, "तरी खेळतीया." "ऊठ, हळद वाळतीया," एवढंच मी म्हणाले. पाटावर काकूनं हळद लावायला हात मागितले, तर तिनं दोन्ही तळवे बॉल अडवायला धरतात तसे पुढं केले. सगळ्या बायका हसल्या. ती हसली नाही. हल्ली ती माहेरी आली की तिचा मुलगा अंगणात बॉल मारतो. ती दारात उभी राहून, साडी सावरत, तो पायानं अडवते. हातानं कधीच नाही.