विहीर विम्यात बसत नाही

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. २००४ साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, कनेरगाव नाक्याच्या अलीकडच्या वळणावर. हे आधीच सांगते, कारण पुढं ज्याला त्याला वाटायला लागलं की नुकसान फक्त टँकरचं झालं.

आत्याचं वावर सडकेला लागून, विहीर खाली उतारावर. त्या साली पाऊस बरा होता, पाणी पार वर आलेलं. हापशाचं पाणी खारं, म्हणून आमची बौद्धवाड्यातली सगळी घरं प्यायला याच विहिरीचं नेत. मी हिंगोलीला कॉलेजात होते, सणाला आले होते. बैल धुवायला आत्यानं मोटर चालू केली आणि सडकेवर धाडकन आवाज झाला. कारखान्याचं काळं तेल नेणारा टँकर कलंडला होता. ड्रायव्हर फुटक्या काचेतून बाहेर आला, खरचटलेला पण धड. तेल सडकभर.

एक मोटरसायकल घसरली. पाठोपाठ दुसरी, तिच्यावर मागं बाई, बाईच्या मांडीवर लेकरू.

"बघून काय राहिली? पाइप वढ इकडं!" आत्या माझ्यावर ओरडली.

बैलांचं पाणी तिनं सडकेवर मारलं. आम्ही खराट्यानं तेल लोटत गेलो. जीपा गेल्या, एसटी गेली, सगळे सुखरूप. माझी तर छाती फुगली. तेल मात्र नालीत गेलं, नालीतून वावरात, आणि दुपारच्या पावसानं विहिरीत.

पोळ्याच्या सकाळी विहीर काळी होती. बैलांनी बादली हुंगून तोंड फिरवलं.

"आत्याबाई, आता भज्याला तेल इकत आणू नका," शेजारचा ढाबेवाला म्हणाला.

काही दिवसांनी विमा कंपनीचे सर्व्हेयर साहेब आले. टँकरचा एकेक पोचा बघितला, फोटो काढले. मीच त्यांना हट्टानं विहिरीवर नेलं. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"सडकेवर पाणी कुणी मारलं, बाई?"

"म्याच मारलं की."

"मग विहीर तुम्हीच नासवली ना. आणि तसंही, सांडलेल्या मालानं पाणी, जमीन खराब होणं या पॉलिसीत धरलेलं नाही. त्याचा हप्ता वेगळा, तो टँकरमालकानं भरलेला नाही."

ढाबेवाला भडकला. "साहेब, हिनं पाणी मारलं नसतं तर तुमाला इथं मुडदे दिसले असते!"

"मग क्लेम बसला असता," साहेब म्हणाले. आवाज जराही न चढवता. "माणूस मेला तर ते धरलेलं आहे."

आत्या त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. "म्हंजी मी लोकायला मरू द्याचं होतं व्हय?"

साहेब जीपकडं निघाले. ढाबेवाला मागून म्हणाला, "चहा तरी घ्या की साहेब. ह्याच विहिरीचा हाय."

दिवाळीच्या आत तोच टँकर नवा रंग लावून त्याच वळणावरून गेला. मालकाला दुरुस्तीचे पैसे मिळाले होते. आत्यानं विहीर उपसली, पुन्हा उपसली. पाण्यावर तवंग परत यायचाच. मालक म्हणाला, विमावाल्याला विचारा. विमावाला म्हणाला, मालकाला विचारा. आणि आमच्या बाया गावातल्या विहिरीवर घागर घेऊन बाजूला उभ्या राहिल्या, कुणी पाणी वाढतं का बघत. आत्याच्या विहिरीमुळं ज्यांची अशी ताटकळत उभं राहण्याची वेळ संपली होती, त्या बाया. त्यांना परत तिथं उभं केलं ते जातीच्या माजानं आणि एका न घेतलेल्या विम्यानं.

तुमच्या घरी ट्रक असेल, टँकर असेल, साधा टेम्पो असेल, तर विमा उतरवणाऱ्याला उद्याच्या उद्या विचारा: माझ्या गाडीतलं सांडून दुसऱ्याची विहीर नासली तर पैसे देणार का? तो "नाही" म्हणाला तर जास्तीचा हप्ता भरा आणि ते धरून घ्या. तोवर आमच्या सडकेवर गाडी काढू नका.