पितरपाठात तापलेली मोटर

घट बसायला पाच दिवस राहिले होते आणि आमच्या वॉशिंग मशीनची मोटर दहा मिनिटांत तापून बंद पडत होती. घरातल्या सोळा गोधड्या, चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, सगळं धुवायचं बाकी. आमच्याकडं घटाच्या आधी घरातला कपडा न् कपडा धुऊन निघतो. त्यात वादाला जागा नसते.

जाफराबादहून मेकॅनिक आला. मशीन चालवून बघितलं, मागच्या अंगाला हात लावला आणि म्हणाला, "मोटर गेली, ताई. नवी टाकावी लागंल."

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "पितरपाठ चालू हाय. नवी वस्तू घरात येणार न्हाई. घट बसल्यावर ये."

मेकॅनिक गेला. मी म्हणाले, "आत्या, घट बसल्यावर धुऊन काय उपयोग?"

"मशीन नव्हती तव्हा काय आम्ही पारोसे घट बसवत होतो? नदीला पाणी हाय. मी जाते उद्या."

आता हे त्यांनी म्हणायला नको होतं. आत्यांचा उजवा खांदा वर्षभर आखडला होता. मागच्या वर्षी घटावर माळ बांधताना त्यांचा हात कानाच्या वर जाईना. लग्न होऊन या घरात आल्यापासून दरवर्षी माळ त्याच बांधत आल्या, त्या वर्षी पहिल्यांदा मी बांधली. त्या बाजूला बसून माझ्या हातांकडं बघत होत्या. त्यानंतर जालन्याला डॉक्टरकडं फेऱ्या झाल्या. रोज सकाळ-संध्याकाळ भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम त्यांनी दात आवळून केला. आता कुठं हात डोक्याच्या वर जायला लागला होता. अशा खांद्यानं ओल्या गोधड्या दगडावर आपटल्या, तर वर्षभराची मेहनत दोन दिवसांत मातीत.

"नदीवर कुणी जाणार न्हाई," मी म्हणाले. "मोटर गेलेली न्हाई. मी बघते."

"तू? तू कवा मेकॅनिक झाली?"

"बी.एस्सी. केलंय मी."

"मंग? ते कागद दाखवलं की मोटर थंड होते का?"

माझे वडील चौथी शिकलेले, आई अंगठा लावते. माझ्या माहेरच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि तेही फिजिक्स घेऊन. गावात बायका विचारायच्या, ते फिजिक्स काय असतं आन् त्याचं काय करतात. मला त्या पदवीचा अभिमान आहे, तो मी झाकून ठेवत नाही. आणि मला एवढं कळत होतं की जळालेली मोटर थंड झाली म्हणून परत चालत नाही. आमची अर्ध्या तासानं गुमान चालू होत होती. मोटर फार तापली की आतला एक स्विच तिला बंद करत होता, निवली की सोडत होता. तेव्हा मोटर शाबूत होती. तिला तापवणारं काय, ते शोधायचं होतं.

दुसऱ्या दिवशी कपडे न घालता नुसत्या पाण्यावर मशीन लावलं. तरी दहा मिनिटांतच बंद. म्हणजे कपड्यांच्या वजनाचा दोष नव्हता. शेतातले पंप चालू असले की गावात लाइट मंद होते, म्हणून पंखा बराबर फिरत होता तेव्हा परत लावून बघितलं. तेच. मग प्लग काढला आणि टबाच्या तळाशी फिरणारी चकती खोलली. खाली दांड्याला दोरे आणि कापसाचे तंतू दोरखंडासारखे आवळून बसले होते. कापूस वेचायला जाताना घालतो त्या कपड्यांतून गेल्या हंगामात आलेले. ते सुरीनं कापून काढले. आता पंधरा मिनिटं चाललं.

"पाच मिन्टं वाढली," आत्या म्हणाल्या. "असंच चाललं तर दिवाळीपर्यंत व्हतील गोधड्या."

संध्याकाळी मालकांना फोन केला. ते जालन्याला नोकरीला, शनिवारी येतात. त्यांना विचारलं, कधीपासून तापतंय, आधी काही झालं होतं का? त्यांना माहीत नव्हतं. आत्यांना विचारलं, शेजारच्या काकूंना विचारलं. त्यांनाही काही सांगता येईना.

सासरे, म्हणजे मामा, दोन्ही दिवस समोर ओट्यावर बाजेची सुतळी आवळत बसलेले. मामा माझ्याशी थेट बोलत नाहीत, मी त्यांच्याशी बोलत नाही. रागानं नाही, रीत आहे तशी. "म्हणावं, चहा टाका," असं ते आत्यांच्या दिशेनं बोलतात, आणि आत्या घरात नसल्या तर भिंतीच्या दिशेनं.

तिसऱ्या दिवशी मशीन बंद पडेपर्यंत चालवलं, प्लग काढला आणि लगेच मागचं झाकण काढलं. कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देतो, त्याच्यापासून हात लांब ठेवला. बेल्ट बोटानं दाबून बघितला, ताण बरोबर होता. पण भाकरी उलटताना तव्याचा येतो तसा वाफारा तोंडावर आला. आणि तेव्हा डोक्यात आलं, एवढी गरम हवा आत बसून का राहिलीय? खालून वारा येऊन ती निघून जायला पाहिजे.

मशीन आडवं करायचं होतं. आत्या हात लावायला पुढं आल्या, मी त्यांना मागं सारलं. मामा उठले, त्यांनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. पोत्यावर मशीन आडवं केलं आणि मी बघतच राहिले. मशीनचा सगळा तळ तेलाच्या डब्याच्या पत्र्यानं बंद केलेला. कडा दुमडलेल्या, चारी कोपरे तारेनं आवळलेले. काम इतकं चोख की बोट जायला फट नाही, मग वारा कुठून जाणार.

"हे कुणी बसवलं?" आत्यांनी विचारलं.

मामा भिंतीला म्हणाले, "उंदरांनी वायर कुरतडली असती, म्हणावं."

"कवा बसवलं?"

"तू लेकीकडं गेल्ती तव्हा."

"आन् ही पोरगी दोन दिवस मशीनची आतडी काढून राह्यली, तुम्ही ब्र काढला न्हाई?"

"मला कुणी इचारलंच न्हाई."

ते खरं होतं. कॉलेजात प्रॅक्टिकलला पहिली गोष्ट शिकवली होती, बिघाड झाला की आधी विचारा, काय बदललं? मी ते सगळ्यांना विचारलं होतं, समोर बसलेल्या एका माणसाला सोडून. बी.एस्सी.चा तोरा त्या पत्र्यावर जरा आपटलाच.

मी पदर सावरला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोलले. "मामा, पत्रा लई चांगला बसवलाय. पण मोटरीला वारा लागत न्हाई. काढावा लागंल."

त्यांनी आत्यांकडं बघितलं. आत्यांनी मुद्दाम तोंड फिरवलं.

"आन् उंदीर?" त्यांनी मला विचारलं.

"जाळी पाहिजे. पण नवी आणता येणार न्हाई."

मामा आत गेले आणि ज्वारी चाळायची तारेची जुनी चाळण घेऊन आले. कड सुटलेली, पण जाळी धड. "ही तर जुनीच हाय," ते म्हणाले. पत्रा कापायच्या कात्रीनं त्यांनी जाळी कापली, मी तारेनं बांधली. मशीन भिंतीपासून हातभर पुढं ओढलं.

अर्धा तास मोकळं चालवलं. बंद पडलं नाही. मग चादरी, मग पडदे, मग एकेक पातळ गोधडी. चार गोधड्या फार जाड होत्या. त्या मी मशीनमध्ये घातल्या नाहीत, त्यांच्या ओझ्यानं मोटर खरंच जळाली असती. त्या मोठ्या घंगाळात घालून पायानं तुडवल्या आणि मामांनी एक टोक, मी एक टोक धरून पिळल्या. आत्यांना बाजेवरून उठायची मनाई. तोंडाला मनाई नव्हती.

"पिळा की जोरानं! दोघं मिळून एका बाईएवढं बळ न्हाई."

घट बसायच्या आदल्या दिवशी दुपारी सोळाच्या सोळा गोधड्या दोरीवर होत्या.

दुसऱ्या दिवशी विड्याच्या पानांची माळ ओवून झाली. मी पुढं झाले तर आत्यांनी ती माझ्या हातातून घेतली. पाटावर उभ्या राहिल्या. हात कानापर्यंत गेला आणि थांबला. परत खाली घेतला, परत नेला. मामा दारात उभे होते. तिसऱ्यांदा हात घटावरच्या खिळ्यापर्यंत पोचला. सावकाश गाठ मारून त्या खाली उतरल्या.

"बराबर बसली का बघ," मला म्हणाल्या.

"बसली, आत्या."

"बसायलाच पाहिजे. मागच्या साली तू बांधलेली तिसऱ्या दिवशी सुटली व्हती. मी काय बोलले न्हाई तव्हा."